मध्यावरचा ताण: १८९५ सालचा एक डाव घरी कसा अभ्यासावा

पांढरा डी४ खेळतो, काळा डी५. पांढरा सी४ करून प्यादं पुढे धरतो, काळा ते न घेता ई६ करून डी५ला आधार देतो. याला क्वीन्स गॅम्बिट डिक्लाईन्ड म्हणतात. काळ्या मोहऱ्यांनी खेळायच्या बचावांमध्ये हा सगळ्यात जुन्या आणि भक्कम बचावांपैकी एक. तरीही स्पर्धा खेळणारी बरीच मुलं याच्याकडे वळत नाहीत. त्यांना तो मिळमिळीत वाटतो. पहिल्या दहा चालींत फारशी मारामारी नाही, राजावर हल्ला नाही, उंट कोपऱ्यातून लांब मारा करत नाही. मग व्हिडिओ पाहून काहीतरी झगझगीत पाठ केलं जातं आणि प्रतिस्पर्ध्याने पाठांतराबाहेरची चाल केली की बाराव्या चालीला घड्याळाकडे बघत बसण्याची वेळ येते.

हा बचाव शिकायचा असेल तर चालींचा तक्ता घेऊन बसू नका, एक डाव घेऊन बसा. आणि तो डाव काळा हरलेला असू द्या. काळा सहज जिंकला की सगळ्याच चाली बरोबर वाटतात. चांगला खेळाडू चांगल्या योजनेने खेळूनही हरला, तर कोणत्या घडीला काय हातातून निसटलं हे शोधावंच लागतं. त्या शोधातच शिकणं आहे.

मी सुचवतो तो डाव पिल्सबरी विरुद्ध टाराश, हेस्टिंग्ज, १८९५.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावात त्या ऑगस्टमध्ये २२ खेळाडू जमले होते. विश्वविजेता लास्कर होता, त्याने वर्षभरापूर्वीच हरवलेला स्टाइनित्झ होता, रशियाचा चिगोरिन होता आणि जर्मनीचे डॉक्टर सिगबर्ट टाराश होते. टाराश तेव्हा ३३ वर्षांचे, न्यूरेंबर्गला वैद्यकी करणारे, आणि बुद्धिबळात नियमांची शिस्त मानणारे. अमेरिकेतून आलेला हॅरी नेल्सन पिल्सबरी २२ वर्षांचा होता. युरोपात त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पहिल्या फेरीत तो चिगोरिनकडून हरला. दुसऱ्या फेरीत समोर टाराश. हा डाव त्याने ५२ चालींत जिंकला आणि पुढे २१ पैकी १६½ गुण मिळवून स्पर्धाही जिंकली. चिगोरिन १६, लास्कर १५½, टाराश १४.

आता तयारी. खरा पट घ्या. मोबाइलवर हा डाव पाहिलात तर पाच मिनिटांत संपेल आणि पाच दिवसांत विसराल. डाव १२५ वर्षांहून जुना आहे, त्याच्या चाली कुठेही सहज मिळतात. त्या एका कागदावर हाताने उतरवून घ्या, वर दुसरा कागद ठेवा आणि एकेक ओळ उघडत चला. शेजारी वही. पहिल्या दहा चाली भराभर खेळा, त्यानंतर प्रत्येक चालीआधी थांबून स्वतःची चाल वहीत लिहा आणि मगच कागद सरकवा. बाजू काळ्याची घ्या, पट काळ्याकडून मांडा. जिंकणाऱ्याच्या खुर्चीत बसायचा मोह होतो, पण आपल्याला बचाव शिकायचा आहे. इंजिन बंद. त्याची पाळी येईल, पण शेवटी.

सुरुवात अशी झाली: डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५ उंट ई७, घोडा एफ३ आणि काळ्याचा दुसरा घोडा बी८वरून डी७वर. सहाव्या चालीला पांढऱ्याचा हत्ती सी१वर आला, काळ्याने कॅसलिंग केलं. सातवी, ई३ आणि बी६. आठवीला पांढऱ्याने सी प्याद्याने डी५वर मारलं, काळ्याने ई प्याद्याने परत मारलं.

इथे थांबा. ही आठवी चाल बहुतेक जण न बघताच पुढे जातात. काळ्याने बी६ केलं ते उंट बी७वर बसवून लांब कर्ण मिळवण्यासाठी. पण डी५वर स्वतःचंच प्यादं आलं आणि उंटाचं तोंड बंद झालं. मग टाराशने प्याद्याऐवजी घोड्याने का मारलं नाही? पटावर खेळून बघा. घोडा डी५वर मारतो, पांढरा घोडा त्याला मारतो, काळं ई प्यादं परत मारतं, पांढरा उंट ई७वरचा उंट मारतो, काळा वजीर परत मारतो. आता पांढऱ्याचा सी१वरचा हत्ती सरळ सी७वरचं प्यादं खातो. ते प्यादं राखणार कोण? ई७वर आलेला वजीर राखू शकला असता, पण मध्ये डी७वर आपलाच घोडा उभा आहे.

म्हणजे पाचव्या चालीचा निरुपद्रवी दिसणारा घोडा आठव्या चालीला आड आला. बी६ खेळायचं असेल तर बी८चा घोडा काही काळ जागेवरच ठेवायचा, हे यातून निघतं. पुढच्या पिढीने नेमकं तेच केलं. सावेली टार्टाकोव्हरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत हीच: कॅसलिंग, एच६ करून उंटाला एच४वर ढकलायचं, मग बी६, आणि घोडा अजून बी८वरच. आता पांढऱ्याने डी५वर मारलं तर घोड्याने खुशाल परत मारता येतं. दोन जोड्या मोहऱ्यांची अदलाबदल होते, सी७ला वजिराचा आधार असतो आणि उंटाला बी७चा आग्रह न धरता ई६वर मोकळी जागा मिळते. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पटावर सी७चं प्यादं गमावून पाहिलं की ती ओळ वेगळी पाठ करावी लागत नाही.

पुढे: उंट डी३, उंट बी७, पांढऱ्याचं कॅसलिंग, सी५. अकरावी, पांढऱ्याचा हत्ती ई१.

अकरावी चाल काळ्याची. कागद सरकवू नका. वहीत लिहा आणि कारणही लिहा.

या घडीला मध्यावर दोन प्यादी समोरासमोर आहेत, पांढऱ्याचं डी४ आणि काळ्याचं सी५. कुणीही कुणालाही मारू शकतं आणि अजून कुणी मारलेलं नाही. याला मध्यावरचा ताण म्हणायचं. हा ताण दोघांनाही त्रास देतो, पण पांढऱ्याला जास्त. राजाच्या बाजूला घोडा ई५वर नेऊन, एफ४ करून हल्ला उभारायचा तर त्याला डी४ भक्कम हवं. जोपर्यंत काळा कधीही डी४वर मारून सी पट्टी उघडू शकतो, तोपर्यंत पांढऱ्याला हल्ल्याची प्रत्येक चाल करताना एक डोळा मध्यावर ठेवावा लागतो.

टाराशने ११व्या चालीला सी४ केलं. प्यादं पुढे सरकलं, उंटाला डी३वरून हुसकावलं आणि ताण संपला.

ही चाल मूर्खपणाची नव्हती, हे आवर्जून सांगतो. वजिराच्या बाजूला काळ्याची तीन प्यादी, पांढऱ्याची दोन. तीन प्यादी पुढे लोटत नेली की त्यातलं एक मोकळं सुटतं आणि वजीर व्हायला धावतं. अंतिम पर्वात अशी आघाडी डाव जिंकून देते, आणि टाराशला हे शास्त्र त्या काळात कुणाहूनही चांगलं ठाऊक होतं. त्याची योजना शेवटपर्यंत जिवंत राहिली, ते पुढे दिसेल. पण त्या योजनेला वीसेक चाली लागणार होत्या, आणि तेवढ्या चाली पांढऱ्याला मध्याची काळजी न करता राजाच्या बाजूला खेळायला मिळाल्या. तुम्ही वहीत काही शांत चाल लिहिली असेल, घोडा ई४वर नेऊन एक-दोन मोहऱ्यांची अदलाबदल करण्याचा विचार लिहिला असेल, तर दिशा बरोबर आहे. सी४ लिहिलं असेल तरी खोडू नका. शेजारी एवढंच लिहा: ‘आता पांढऱ्याला कशाची भीती उरली?’ आणि पुढे चला.

उंट मुकाट बी१वर गेला. ए६, घोडा ई५, बी५, एफ४. ही मांडणी पुढे पिल्सबरीच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. ई५वरच्या घोड्याला दोन्हीकडून प्याद्यांचा आधार आहे. काळ्याने त्याला मारलं तर एफ प्यादं परत मारतं आणि एफ पट्टी पांढऱ्या हत्तीसाठी उघडते. एफ६ करून हुसकावायचं तर राजाभोवतीची तटबंदी सैल होते. सी प्यादं सी५वर असतं, तर काळ्याने डी४वर मारून या घोड्याच्या पायाखालची जमीन हलवली असती. आता तो उपाय नाही.

हत्ती ई८, वजीर एफ३, घोडा एफ८. मग पांढऱ्याने घोडा ई२वर घेतला आणि काळ्याने संधी साधून घोडा ई४वर आणला. ई७वर उंटांची अदलाबदल झाली, ई४वर उंटाने घोडा मारला, काळ्या डी प्याद्याने परत मारलं. अठरा चाली झाल्या.

इथे कागद बाजूला ठेवा आणि पट नुसता बघा. निदान दहा मिनिटं. मोहरे मोजा, प्यादी मोजा, दोन्हीकडे सारखी आहेत. बी७च्या उंटाचं तोंड आता उघडलं आहे, लवकरच त्याला डी५ची अप्रतिम जागा मिळेल. वजिराच्या बाजूची तीन प्यादी तयार आहेत. तुम्हाला कुणाची बाजू घ्यायला आवडेल? क्लबात जोडीदार असेल तर ही स्थिती मांडून दोन झटपट डाव खेळा, एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून. बऱ्याच जणांना काळी बाजू आवडते, आणि त्यात चूक काही नाही. हा डाव अजून कुणीही गमावलेला नाही.

वजीर जी३, एफ६, घोडा जी४, राजा एच८. मग २१वी, एफ५. हे प्यादं नीट बघून ठेवा. ते ई६ आणि जी६ या दोन घरांवर पहारा ठेवतं. म्हणजे काळ्या मोहऱ्यांना ई६वरून राजाच्या मदतीला येता येत नाही आणि राजाला जी६वरून पळता येत नाही. ते मात देत नाही, शह देत नाही, पण या डावातलं सगळ्यात मोलाचं पांढरं प्यादं हेच.

२२ ते ३० या चाली थोड्या वेगाने खेळलात तरी चालेल. पांढरा हत्ती, वजीर, घोडा राजाच्या बाजूला जमवतो आणि ई४च्या प्याद्यावर दाब देतो. काळा उंट डी५वर बसवतो, बी४ करतो आणि वजीर ए४पर्यंत नेऊन ए२च्या प्याद्याला भिडतो. फक्त वहीत दोन नोंदी करत चला. काळ्या राजाने पूर्ण डावात किती वेळा जागा बदलली? कॅसलिंगनंतर २०व्या चालीला एच८, ३०व्याला परत जी८, ३९व्याला पुन्हा एच८. आणि काळ्या वजिराचा प्रवास: डी७, डी६, सी६, ए४, परत सी६. बचाव करणाऱ्याकडे ठरलेली जागा नसली की मोहरे अशी ये-जा करतात. स्वतःच्या जुन्या डावांतही ही मोजणी करून बघा.

३१वी चाल मला फार आवडते. हल्ल्याच्या ऐन भरात पिल्सबरीने घोडा ई२वरून सी१वर, म्हणजे पहिल्या ओळीवर मागे नेला. कशासाठी? ए२चं प्यादं राखायला. हल्ला करणाऱ्यानेही आधी घर राखायचं असतं. त्यावर टाराशने सी३ केलं, पिल्सबरीने बी३ करून दार लावून घेतलं. काळ्याचं सी३चं प्यादं आता मोकळं झालं खरं, पण पुन्हा तेच घडलं: बी२ आणि सी३ यांच्यामधला ताण संपला, आणि वजिराची बाजू उघडायला काळ्याकडे ए प्यादं पुढे आणण्यावाचून दुसरा रस्ता उरला नाही. तो रस्ता लांबचा होता.

किती लांबचा, ते मोजता येतं. ३३ ते ३८ या सहा चाली वहीत दोन रकान्यांत लिहा. काळा: ए५, ए४, ए प्याद्याने बी३वर मारलं, हत्ती ए८, हत्ती ए३, उंटाने बी३चं प्यादं घेतलं. सहा चाली, कमाई एक प्यादं. पांढरा: एच३, घोडा एच२, जी४, ए प्याद्याने परत मारलं, जी५, घोडा जी४. यातला घोडा बघा. तो जी४वर होता. प्याद्याला वाट द्यायला तो एच२वर मागे सरला, प्यादं जी२वरून जी४, तिथून जी५ गेलं, आणि घोडा परत आपल्या जागी जी४वर आला. आता प्यादं पुढे, घोडा मागे, वजीर एच४वर.

३८व्या चालीला उंटाने बी३चं प्यादं घेतलं तेव्हा सी१चा घोडा त्या उंटाला लगेच मारू शकत होता. पिल्सबरीने मारलं नाही. त्याने ३९वी चाल हत्ती जी२ अशी केली, काळ्या राजासमोरच्या पट्टीवर. मुलांना शिकवताना या चालीवर वेळ घालवा. समोर मोहरा फुकट मिळतोय आणि घाई नाही, कारण तो उंट पुढच्या चालीलाही तिथेच असणार आहे. झालंही तसंच: राजा एच८, जी प्याद्याने एफ६वर मारलं, काळ्याने परत मारलं, मग घोड्याने उंट मारला, हत्तीने घोडा मारला. आणि ४२वी, दुसरा घोडा एच६वर. जी पट्टी उघडली, हत्ती जी८वर जाऊन मात करणार. काळ्याने ई७चा हत्ती जी७वर मध्ये घातला. हत्तींची अदलाबदल झाली, राजा जी७वर आला.

आता कागद घट्ट दाबून धरा. ४४वी चाल पांढऱ्याची. घोडा एच६वर आहे, त्याला वजिराचा आधार आहे. काय कराल?

पिल्सबरीने वजीर जी३वर नेऊन शह दिला. घोड्याचा आधार सुटला. राजा एच८वर पळाला तर जी८वर वजिराची मात आहे, घोडा ते घर राखतोय. टाराशने घोडा खाल्ला. आता काळ्याकडे एक घोडा जास्त आहे, बी४ आणि सी३ ही दोन प्यादी पुढे धावताहेत. अशा वेळी हात आपोआप पुढचा शह शोधतो. पिल्सबरीने ४५वी चाल राजा एच१ अशी केली. शह नाही, कुणाला मारणं नाही. राजा फक्त जी१वरून बाजूला झाला, म्हणजे तिथे हत्ती येऊ शकेल. हत्ती जी१वर आला की एच४वर वजिराची मात: एच५ वजिराकडे, पूर्ण जी पट्टी हत्तीकडे. काळ्याच्या हातात एक मोकळी चाल आहे आणि तरीही त्याला वाचण्याचा मार्ग नाही.

वजीर डी५, हत्ती जी१, वजिराने एफ५चं प्यादं घेतलं. पांढऱ्याचा एच४वरून शह, वजीर एच५वर आड आला. एफ४वरून शह, वजीर जी५वर आड आला. हत्तीने वजीर मारला, प्याद्याने हत्ती मारला. वजीर डी६वरून शह, राजा एच५. वजिराने डी७चा घोडा घेतला, काळ्याने सी२ केलं आणि ५२व्या चालीला वजिराने एच७वर मात केली. काळ्या राजाला जी४वर का जाता आलं नाही ते बघा: ते घर एच३च्या प्याद्याने अडवलं आहे, ३३व्या चालीला हळूच एक घर पुढे टाकलेल्या त्या प्याद्याने. आणि टाराशचं प्यादं सी२वर उभं होतं, वजीर व्हायला एक घर कमी. योजना चुकीची नव्हती असं मी म्हणालो ते यामुळे.

हा डाव दोन बैठकींत करा, पहिली १८व्या चालीपर्यंत, दुसरी तिथून शेवटपर्यंत. मगच इंजिन लावा. तेही पूर्ण डावावर नाही. वहीत जिथे तुमची चाल आणि डावातली चाल वेगळी होती, तेवढ्याच जागा तपासा. आकडा बघून गप्प बसू नका, इंजिनने सुचवलेली चाल पटावर चार-पाच चाली पुढे खेळून ती कशासाठी आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिता आलं नाही तर ती चाल अजून तुमची झालेली नाही, तिच्यावर खूण करून पुढे जा.

एका गोष्टीची खबरदारी हवी. ‘ताण सोडायचा नाही’ हा मंत्र करून बसलात तर नुकसान होईल. ताण सोडण्याची योग्य वेळही असते, आणि याच बचावात तिचं सुरेख उदाहरण आहे. पांढरा उंट एफ१वर असताना काळ्याने डी प्याद्याने सी४वर मारलं, तर उंट एका चालीत बाहेर येऊन ते प्यादं परत घेतो, पांढऱ्याचं फावतं. म्हणून काळा थांबतो, सी६ वगैरे उपयोगी चाली करतो. पांढऱ्याने उंट डी३वर आणला की मगच सी४वर मारायचं. आता उंटाला सी४वर यायला दुसरी चाल खर्चावी लागली, आणि वाचलेल्या त्या चालीत काळा घोडा डी५वर नेऊन उंटांची अदलाबदल करतो. कापाब्लांकाने ही रीत लोकप्रिय केली. १९२७ साली ब्यूनस आयर्समध्ये त्याच्यात आणि अलेखिनमध्ये विश्वविजेतेपदाचे ३४ डाव झाले, त्यातले ३२ क्वीन्स गॅम्बिट डिक्लाईन्डचेच होते. म्हणून ताण सोडताना विचारायचा प्रश्न असा: सोडल्यावर चाल कुणाची वाचली, आणि मोकळीक कुणाला मिळाली?

हाच प्रश्न घेऊन १९७२ सालचा फिशर–स्पास्की सामन्यातला सहावा डाव बघा, रेक्याविकचा. स्पास्कीने टार्टाकोव्हरची पद्धत घेतली आणि आठव्या चालीला डी५वर घोड्याने मारलं, जे टाराशला करता आलं नव्हतं. सुरुवात निर्दोष होती. २०व्या चालीला फिशरने ई४ करून डी५च्या प्याद्याला डिवचलं. स्पास्कीने डी४ करून प्यादं पुढे नेलं आणि ताण संपवला. दोन चालींत फिशरची एफ आणि ई प्यादी पुढे आली, २३व्या चालीला त्याचा उंट सी४वर येऊन ई६च्या प्याद्यावर रोखला गेला, आणि त्यानंतर काळ्याला पूर्ण डावभर नुसती ये-जा करावी लागली. टाराशनंतर ७७ वर्षांनी, खुद्द विश्वविजेत्याकडून. दोन्ही डाव एका पाठोपाठ केलेत तर ११वी आणि २०वी या दोन चाली मनात जोडीने बसतील.

स्पर्धेत प्रत्यक्ष कोणती मांडणी खेळायची? टार्टाकोव्हरची पद्धत समृद्ध आहे, पण तिच्यात काळ्याला बऱ्याचदा सी आणि डी ही दोन प्यादी शेजारी शेजारी, आधाराशिवाय सांभाळावी लागतात. नवशिक्याला ते जड जातं. ज्याने नुकतीच जिल्हा पातळीवर सुरुवात केली आहे त्याला मी लास्करचा बचाव सुचवेन. कॅसलिंग आणि एच६ झाल्यावर सातव्या चालीला घोडा ई४वर. उंट बदलले जातात, बहुधा घोड्यांची एक जोडीही जाते, काळ्याची अडचणीची जागा मोकळी होते आणि लक्षात ठेवायच्या गोष्टी कमी राहतात. यात झटपट विजय मिळणार नाही हे पालकांनीही समजून घ्यावं. मुलगा दहा डावांत चार बरोबरी घेऊन आला तर तो मागे पडतोय असं समजू नका, स्कोअरशीट मागून घ्या आणि १५व्या चालीला त्याची स्थिती कशी होती ते बघा. स्कोअरशीट नीट लिहिण्याची सवय याच वयात लागते, आणि तिच्याशिवाय वर सांगितलेलं काहीच करता येत नाही.

लास्करचा बचाव जुनाट झाला असं कुणी म्हणालं तर त्याला मे २०१०मधली सोफियाची लढत दाखवा. विश्वविजेतेपदाचा सामना, ११ डावांनंतर टोपालोव्ह आणि विश्वनाथन आनंद साडेपाच-साडेपाच. बारावा आणि शेवटचा डाव, पांढरे मोहरे टोपालोव्हकडे, प्रेक्षकही त्याच्या देशाचे. आनंदने लास्करचाच बचाव निवडला, ५६ चालींत काळ्या मोहऱ्यांनी जिंकला आणि विजेतेपद राखलं.

पिल्सबरी–टाराश झाल्यावर हाच डाव पुढचा म्हणून घ्या. पद्धत तीच, पट काळ्याकडून. कागदाने झाकायला सातव्या चालीपासून सुरुवात करा. ११व्या चालीला आनंद सी४वर प्याद्याने मारतो, तिथे थांबून उंटाने तोवर किती चाली खर्च केल्या ते मोजा. त्यानंतर १४व्या चालीचं सी५ कधी आणि का शक्य झालं, ते वहीत लिहा.